रंगाखाली दडलेली बालके

दरवर्षी २८ डिसेंबरला ख्रिस्तसभा बेथलेहेमच्या निष्पाप बालहुतात्म्यांचा सण पाळते. गव्हाणीची आरास अजून उतरवलेली नसते, नाताळचा आनंद ओसरलेला नसतो, आणि त्या गडबडीत हा सण बहुधा कोणाच्या ध्यानी न येता निघून जातो. या प्रसंगावर पीटर ब्रूगेल या थोर चित्रकाराने एक चित्र काढले. पुढे त्या चित्राच्या वाट्याला जे आले, ते युद्धाच्या इतिहासाविषयी आम्हांस पुष्कळ काही शिकवून जाते.

ब्रूगेल हा सोळाव्या शतकातील नेदरलँड्सचा चित्रकार. १५६५ ते १५६७ या काळात त्याने हे चित्र लाकडावर तैलरंगांत रंगविले. हेरोद राजाची आज्ञा संत मत्तयने नोंदविली आहे: बेथलेहेम व आसपासच्या परिसरातील दोन वर्षांचे व त्याहून लहान सर्व मुलगे मारून टाकावेत. ब्रूगेलने हा प्रसंग यहुदियात न ठेवता आपल्याच मुलखातील एका खेड्यात आणला. छपरांवर बर्फ साचले आहे. चिलखत घातलेले, भाले उभारलेले घोडेस्वार गावात दाटीने उभे आहेत. शिपाई दारे फोडीत आहेत आणि शेतकरी हात जोडून विनवण्या करीत आहेत.

त्या काळी नेदरलँड्सवर स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचे राज्य होते. १५६६ साली तेथे धार्मिक दंगल उसळली व अनेक चर्चमधील मूर्तींची मोडतोड झाली. १५६७ साली आल्बाचा ड्यूक सुमारे १०,००० सैन्य घेऊन बंदोबस्तासाठी आला. चित्रातील घोडेस्वारांचा म्होरक्या म्हणजे हाच ड्यूक, असे काहींनी म्हटले आहे. परंतु चित्र त्याच्या आगमनापूर्वीच पूर्ण झाले असणे शक्य असल्याने तसे ठामपणे म्हणता येत नाही. सैन्य गावात शिरले म्हणजे काय होते, हे मात्र ब्रूगेलच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावे लागत नव्हते. सैनिकांचे पगार थकत आणि त्याची भरपाई रयतेकडून होई. १५६९ साली ब्रूगेल वारला. त्यानंतर सात वर्षांनी, नोव्हेंबर १५७६ मध्ये, पगार थकल्याने बंड केलेल्या स्पॅनिश शिपायांनी अँटवर्प शहर लुटले व हजारो नागरिकांची कत्तल केली. ते सैन्य एका कॅथलिक राजाचे होते, हे आम्ही झाकून ठेवू नये.

पुढे हे चित्र प्राग येथे सम्राट दुसरा रुडॉल्फ याच्या संग्रहात गेले. रुडॉल्फ हा फिलिप राजाचा सख्खा भाचा. त्याचे मुलपण मामाच्या दरबारात गेलेले. चित्र त्याच्याकडे असतानाच त्यातील मारली जाणारी बालके रंगाचे लेप देऊन झाकली गेली, असे अभ्यासक मानतात. एक आई मेलेले बाळ मांडीवर घेऊन बर्फात बसली होती. तिच्या मांडीवर आता मांस आणि चीज आहे. एक जोडपे शिपायाला, बाळाऐवजी आमची मुलगी घ्या, असे विनवीत असावे. तेथे बाळाच्या जागी हंसासारखा पक्षी आला. जेथे भाल्यांनी बालके भोसकली जात होती, तेथे आता जनावरे आहेत. अशा रीतीने हत्याकांडाची लूट झाली. संग्रहाच्या यादीतही ते 'गावाची लूट' म्हणूनच नोंदले गेले.

परंतु रंगाऱ्याने वस्तू बदलल्या, चेहरे तसेच राहू दिले. म्हणूनच चित्र पाहताना काहीतरी विपरीत जाणवते. मांसाच्या तुकड्यासाठी कोणती स्त्री असा टाहो फोडील? एका पक्ष्यासाठी कोणता बाप असा व्याकूळ होईल? सम्राटाच्या कारभारात पुरावा झाकला गेला, पण शोक उघडाच राहिला.

नियतीचा खेळ असा, की लूट म्हणून नोंदलेले हे चित्र पुढे स्वतःच लुटीचा माल झाले. तीस वर्षांच्या युद्धाच्या अखेरीस, १६४८ साली, स्वीडनच्या सैन्याने प्रागचा राजसंग्रह लुटून नेला. तेथून हे चित्र स्वीडनची राणी क्रिस्टिना हिच्याकडे गेले. १६६० साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने ते ब्रेडा येथे विकत घेतले. इंग्लंडच्या राजसंग्रहात ते आजही आहे आणि त्यावरचे लेपही तसेच आहेत. मूळ चित्र कसे होते, हे आपणांस कळते ते जुन्या प्रतींमुळे. ब्रूगेल वारला तेव्हा त्याचा मुलगा, धाकटा पीटर, चारपाच वर्षांचा होता. मोठेपणी त्याने व इतर चित्रकारांनी या चित्राच्या अनेक प्रती केल्या. त्यांपैकी एक व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्या प्रतींत बालके दिसतात.

युद्धांचा इतिहास वाचताना हे चित्र आम्ही डोळ्यांपुढे ठेवावे असे वाटते. किती गावे घेतली, किती धान्य गेले, किती घरे जळाली, याच्या याद्या दरबार मोठ्या निगुतीने ठेवतात. मालाचे नुकसान मोजता येते, भरून देता येते, आणि म्हणून ते सत्ताधाऱ्यांना सोसवते. मेलेले मूल सोसवत नाही. मग त्याच्या जागी दुसरा एखादा शब्द ठेवला जातो. संत मत्तयने मात्र बेथलेहेममध्ये किती बालके मेली, हा आकडा दिलेला नाही. त्याने राहेलचा विलाप नोंदविला, आणि तिला सांत्वन नको होते, हेही नोंदविले. तिच्या मांडीवर काय होते, हे त्यानंतर कोणालाही झाकता आले नाही.

तेव्हा वाचकहो, येत्या २८ डिसेंबरला बालहुतात्म्यांसाठी प्रार्थना करताना, ज्यांची नावे व आकडे कोणत्याही यादीत नाहीत, त्या सर्व मातांचे चेहरेही आपण स्मरू या.