बिदर-कलबुर्गी सीमाभागातील जुनी गृहसजावट

निजामी अमलाच्या अखेरच्या काळापासून साधारण १९७० पर्यंत बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण या पट्ट्यात आणि लगतच्या उदगीर-निलंगा भागात रूढ असलेली घर सजवण्याची रीत. उदगीर आणि निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. पुढे राज्यांची सीमा मध्ये आली, तरी दोन्हीकडची जुनी घरे एकाच वळणाची राहिली. त्यांत सामान थोडके; शोभा सगळी भिंतीत, फरशीत आणि खांब-तुळयांत.

बिदरचे पठार जांभ्याचे. सारे शहर त्याच्यावर वसलेले आहे. खाणीतून नुकताच निघालेला हा तांबडा दगड सहज तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो. त्याच्या जाड भिंतींतच देवळ्या, कोनाडे, फडताळे बसवत. कपाट वेगळे लागत नसे. चुन्यात नीळ घालून भिंती रंगवत. वर धाब्याचे माळवद, खाली शहाबादी फरशी. कलबुर्गी जिल्ह्यातला हा चुनखडीचा दगड थराथरांनी सुटतो, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. १८७१ मध्ये मुंबई-मद्रास लोहमार्ग रायचूरला जुळला. शहाबाद याच मार्गावर असल्याने तिथली फरशी महाराष्ट्रभर पोचली.

सुखवस्तू घरांच्या बैठकीत पुढे नक्षीची सिमेंट फरशी आली. मुंबईच्या भारत टाइल्सने ती १९२२ पासून बनवली. साच्यातल्या पितळी पट्ट्यांच्या कप्प्यांत एकेक रंग ओतायचा, पट्ट्या उचलायच्या, मागून सिमेंट भरून दाबयंत्राखाली दाबायचे आणि लादी पाण्यात मुरवायची, भट्टी नाही. रंगाचा थर चांगला जाड असल्याने रोजच्या वावराने लादी गुळगुळीत होते, नक्षी मात्र पुसत नाही.

बैठकीत जाजम, लोड-तक्के, भिंतीवर राजा रविवर्म्याच्या छापखान्यातल्या (स्थापना १८९४) देवादिकांच्या तसबिरी आणि मानाच्या जागी बिदरी पानदान किंवा गुलाबदाणी. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतायचे, नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या गरम पाण्यात बुडवायचे. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र तशीच लखलखते. काळ्यावर उजळ नक्षीची ही आवड इथे जुनी आहे: किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्यांचे जडावकाम आहे. बिदरीला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

स्लॅबची घरे, मोझॅक आणि सनमायका आल्यावर ही रीत मागे पडली. आज ‘रेट्रो’ म्हणून तिला पुन्हा मागणी आहे आणि पाडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब, चौकटी शहरांतल्या दिवाणखान्यांत जातात. ही जपणूक अपुरी आहे. खांबाची उंची आणि जाडी त्या घराच्या खणावरून व माळवदाच्या भारावरून ठरलेली असते. भार उतरला की खांबाचे प्रयोजनच जाते. वाडा उभा असताना त्याचे माळवद दरसाल पांढऱ्या मातीने दुरुस्त करणे हाच जपणुकीचा खरा मार्ग; गळके छत राहिले की आधी तुळया कुजतात, मग भिंती फुगतात.