माळेगावच्या उसाची दप्तरे
१८७६-७७ च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी असतानाच नीरेचा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ पासून त्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या मुलखात खेळू लागले, तेव्हा माळेगाव बुद्रुकच्या शिवारात पाण्यामागोमाग कागदही आला. जमाबंदीचे दप्तर कुलकर्ण्याकडे होतेच. त्यात पाटबंधारे कचेरीचे पाणीअर्ज मिळाले आणि १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यावर त्याच्या शेतकी खात्याची ऊसनोंद. पीक एकच, दप्तरे तीन: पहिल्यास आकाराशी कर्तव्य, दुसऱ्यास पाणीपट्टीशी, तिसऱ्यास तोडणीच्या तारखेशी. ऊस कोणत्या जातीचा, याची खरी फिकीर या तिसऱ्यासच, कारण पक्वता आणि साखरेचा उतारा जातीवर अवलंबून.

त्या जातींची वंशावळ मात्र दूर कोइमतूरला लिहिली जात होती. तेथील ऊस प्रजनन संस्था १९१२ ची; तिचे शास्त्रज्ञ बार्बर आणि त्यांच्यामागून वेंकटरामन यांनी संकरातून निवडलेल्या वाणांना ‘को’ हे आद्याक्षर आणि अनुक्रमांक देण्याचा परिपाठ पाडला, व माझ्या मते त्यांच्या संकरांइतकीच ही कारकुनी महत्त्वाची ठरली. जावा बेटाचा पीओजे २८७८ आणि को २९० यांच्या संकरातून निघालेल्या को ४१९ ने दख्खनचा जुना पुंड्या ऊस मागे सारला, तो याच क्रमांकानिशी. नीरेच्याच खोऱ्यात पाडेगावी १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले होते. पैदासकाराची वही, पाडेगावचे प्रयोगपत्रक, कारखान्याची नोंद आणि शेतकऱ्याची जीभ (ती ‘को’ गाळून नुसता आकडाच उच्चारते, हे खरे) या चारही ठिकाणी वाणाची ओळख एकच राहिली. पुढे तर को ८६०३२ सारख्या क्रमांकात १९८६ हे सालही आरंभीच गोवले गेले.

जातीची नोंद सर्व दप्तरांत जुळली, परंतु मातीची आणि पाण्याची जुळली नाही. अतिपाण्याने कालव्याखालची जमीन चोपण होत गेली, तेव्हा कोणत्या रानाला किती पाणी दिले हे एका कचेरीत आणि तेथील उतारा किती घटला हे दुसरीकडे, अशी स्थिती होती.

आता बारामतीजवळच्या शारदानगरच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने, ऑक्सफर्ड विद्यापीठ व मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने, उपग्रहाची चित्रे, मातीतील संवेदक आणि हवामानाच्या नोंदी उसासाठी एकत्र वाचण्याचा उद्योग आरंभिला आहे. तो स्तुत्य आहे. पण संवेदकाला कालचा दिवस कळतो, मागची साठ वर्षे नव्हे. कारखान्यांनी आणि पाटबंधारे खात्याने आपली जुनी ऊसनोंद व पाणीपत्रके रद्दीत घालण्यापूर्वी या कामाच्या हवाली करावीत.