फळांतील वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने
शरीरातील इस्ट्रोजेन-ग्राहकांशी जोडली जाऊन त्या संप्रेरकासारखा, पण बराच क्षीण परिणाम घडवणारी वनस्पतींतील संयुगे. सोयाबीनच्या तुलनेत फळांत ती फार थोडी. नाशिक जिल्ह्यात यासंदर्भात लक्ष वेधते ते द्राक्ष. दिंडोरी-निफाडकडे त्याचे मळे पसरले आहेत. द्राक्षाच्या सालीतील रेसव्हेरॅट्रॉलची रेणुरचना डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती आहे. रेसव्हेरॅट्रॉलची इस्ट्रोजेनसदृश क्रिया १९९७ मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दाखवली गेली. मात्र खाल्लेले रेसव्हेरॅट्रॉल आतडे व यकृत झपाट्याने बदलून टाकतात. रक्तात ते मूळ रूपात अत्यल्प उरते. त्यामुळे रजोनिवृत्तीच्या तक्रारींवर द्राक्षे औषध म्हणून सुचवणे निराधार आहे. डाळिंबातील एलॅजिटॅनिनांपासून आतड्यातील जीवाणू युरोलिथिने बनवतात. तीही इस्ट्रोजेन-ग्राहकांशी क्षीणपणे जोडली जातात.