वाढणारीची आवड

आपल्या समाजांत एखाद्या घराची ओळख करून देतांना दोन गोष्टी हटकून सांगण्यांत येतात : एक, घरांतील पुरुषाचा हुद्दा, आणि दुसरी, घरांतील बाईच्या हातचा एखादा पदार्थ. अमक्या काकूंची पुरणपोळी, तमक्या मावशींचे अनारसे, वन्संच्या हातचें भरलें वांगें, अशीं नांवें आप्तवर्गांत पदवीप्रमाणें रूढ होतात. ती बाई गेल्यावरही पंचवीस पंचवीस वर्षें पंगतींत तिची आठवण ‘ती चव आतां नाहीं’ या चार शब्दांनीं निघत राहते. ही कीर्ति लहान खरी, परंतु खोटी नव्हे. तिचा इतिहास लिहावयाचा झाल्यास कोणतीं साधनें हातीं येतात आणि त्यांत उणीव कोणती राहते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जुनीं साधनें पाहूं गेल्यास तीं अगदींच थोडीं नाहींत. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मांडे आहेत, पुऱ्या आहेत, वडे आहेत, आजच्या इडलीची पूर्वज म्हणतां येईल अशी इडरिका आहे. फार काय, शेतांतील उंदीर भाजून खाण्याचा प्रकारही सोमेश्वराने वर्ज्य मानलेला नाहीं. पुढें सतराव्या शतकांत तंजावरच्या मराठी राज्याच्या आश्रयानें रघुनाथ पंडितानें ‘भोजनकुतूहल’ रचलें, त्याकडे प. कृ. गोडे यांनीं अभ्यासकांचें लक्ष वेधलें. त्यांत आपल्या ओळखीची जिलबीही भेटते. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु दोहोंचाही रोख खाणाऱ्याकडे आहे. राजास काय रुचावें आणि प्रकृतीस काय मानवावें, हे त्यांचे प्रश्न. चुलीपाशीं बसणाऱ्या व्यक्तीस स्वतःला काय आवडे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेंतच येत नाहीं.

आमचें बालपण देहूरोड येथें गेलें. त्यामुळें या विषयाचा विचार करतांना मन सहजच जवळच्या देहूकडे वळतें. तुकोबांच्या संसारांतील दोन स्त्रियांची कथा, नीट पाहिल्यास, अन्नाचीच कथा आहे. इ. स. १६३० च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ पडला, त्यांत त्यांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावांचून गेली, हें तुकोबांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे. दुसरी पत्नी जिजाबाई, म्हणजेच आवली. पति भंडाऱ्याच्या डोंगरावर नामस्मरणांत बसलेला असावयाचा आणि हिनें भाकरी घेऊन उन्हांतून तो डोंगर चढावयाचा. पति जेवल्याखेरीज आपण जेवावयाचें नाहीं, असा तिचा नेम असे, असें परंपरा सांगते. वाटेंत पायांत कांटा रुतला आणि तो प्रत्यक्ष विठ्ठलानें काढला, ही आख्यायिका कीर्तनांतून आपण सर्वांनींच ऐकली आहे. परंतु त्याच परंपरेनें तिला कजाग म्हणूनही रंगविलें. रिकाम्या मडक्यांत हात घालून चार तोंडांची सोय ज्या बाईस रोज करावी लागे, तिची जीभ तिखट झाली असल्यास नवल तें काय? तुकोबांची विठ्ठलाविषयींची आवड हजारों अभंगांतून जगास कळली. आवलीची आवड कोणत्या कालवणांत होती, हें मात्र कोणीं टिपून ठेविलें नाहीं. भाकरी डोंगरावर पोंचली, एवढेंच काय तें इतिहासास ठाऊक.

छापखाना आल्यावर स्थिति पालटली, पण क्रमाक्रमानें. मराठींतील आरंभीचें छापील पाकपुस्तक ‘सूपशास्त्र’ हें १८७५ सालचें, आणि त्याचे कर्ते रामचंद्र सखाराम गुप्ते, म्हणजे पुरुष. ज्या काळीं स्त्रियांच्या हातीं पुस्तक देणेंच वादाचें होतें, त्या काळीं त्यांच्या हातची विद्या पुरुषानें लिहावी, हें एका अर्थीं स्वाभाविकच म्हटलें पाहिजे. पुढें १९१० सालीं पाठारे प्रभु समाजांतील लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध झालें. स्वयंपाकघरांतली स्त्री येथें लेखणी घेऊन आपल्या नांवानिशीं उभी राहिली, ही गोष्ट लहान नव्हे.

योगायोग असा, कीं त्याच वर्षीं रमाबाई रानडे यांचें ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तकही प्रसिद्ध झालें. त्यांतील आंब्याचा प्रसंग प्रसिद्ध आहे. रमाबाईंनीं आंबा चिरून पुढें ठेवावा, न्यायमूर्तींनीं एक दोन फोडी घेऊन थांबावें, आणि जिव्हेवर ताबा कसा ठेवावा हें सांगावें. हा प्रसंग वाचून न्यायमूर्तींचा संयम आपल्या मनावर ठसतो, आणि तो ठसावयासही पाहिजे. परंतु आंबा चिरणाऱ्या रमाबाईंना तो किती आवडत असेल, हा विचार आम्हां वाचकांपैकीं कितीकांच्या मनांत येतो? आमच्या मनांत तरी तो वर्षानुवर्षें आला नव्हता, हें येथें कबूल केलें पाहिजे.

१९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पाठोपाठ चिंचवड, भोसरी, आकुर्डी हा सारा टापू यंत्रांनीं भरून गेला. नोकरीनिमित्त गांव सोडून आलेल्या जोडप्यांच्या दोन खोल्यांत सासू नव्हती, आत्या नव्हती, विचारावें कोणास? १९७० सालीं कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ निघालें, आणि अशा घरांतून तें वडीलधाऱ्या बाईच्या जागीं जाऊन बसलें. त्याचें मर्म मापांत होतें. शेर आणि तोळे सोडून त्यांनीं वाटी आणि चमचा हीं घरोघर असणारीं मापें घेतलीं. ‘अंदाजानें घाल’ हें शिकवणें ज्यांच्या वांट्यास आलेंच नाहीं, त्या मुलींना अंदाज वाटींतून मिळाला. पदार्थ असा करणारीच्या हातापासून सुटा झाला आणि तिच्यामागें जगूं लागला. हा लाभ फार मोठा होता. पण पदार्थ सुटा झाला, तरी करणारीची स्वतःची आवड पुस्तकाच्या कोणत्याच पानांत मावली नाहीं.

हें आम्हांस पुस्तकांनीं शिकविलें नाहीं. एका मरणानें शिकविलें. आमचे वडील देहूरोडच्या लष्करी कोठारांत नोकरीस होते. आमच्या आईची ख्याति हुलग्याच्या शेंगोळ्यांविषयीं होती. हुलग्याचें पीठ लसूण-मिरचीसह घट्ट मळून, तळहातावर वळून, वेटोळीं करून ती उकळत्या फोडणीच्या पाण्यांत सोडी. पिठानें तें पाणी दाट होई, आणि सारी चाळ दाराशीं येई. बहिणीनें एकदां वही घेऊन माप विचारलें, तेव्हां आई म्हणाली, “पाणी किती तें पिठालाच विचार.” आई गेली. दहाव्या दिवशीं इंद्रायणीकांठीं गुरुजींनीं विचारलें, “बाईंच्या आवडीचें कांहीं आणलें आहे काय?” आम्ही भावंडांनीं एका स्वरांत शेंगोळे म्हणून सांगितलें आणि डबा उघडला. कावळा शिवला किंवा न शिवला, हा भाग येथें महत्त्वाचा नाहीं.

सायंकाळीं शेजारच्या वृद्ध बाई भेटावयास आल्या. कोठारांतील नोकरीमुळें त्या चाळींत निरनिराळ्या प्रांतांचीं बिऱ्हाडें होतीं. ह्या मद्रासकडच्या, आम्ही त्यांना अम्मा म्हणत असूं. सकाळची हकीकत ऐकून त्या आश्चर्यानें म्हणाल्या, “शेंगोळे? ते तर तुझ्या वडिलांना आवडायचे. तिला हुलगा सोसायचा नाहीं. तुम्ही पोरं शाळेत गेलांत कीं ती मागच्या दारानं यायची, आणि माझ्याकडे रस्सम-भात खायची. मिरं जास्त घालायला सांगायची.”

आम्ही तिघें भावंडें. तिघांच्याही आवडीनिवडी आई अखेरपर्यंत बिनचूक जाणत होती : कोणास साय चालत नाहीं, कोणास वरणांत गूळ लागतो, कोणास भाकरीचा पापुद्रा हवा. तिच्याविषयीं त्याच प्रश्नाचें उत्तर तीन पदवीधरांस देतां आलें नाहीं. तें भिंतीपलीकडच्या परप्रांतीय बाईस ठाऊक होतें. शेंगोळे हा तिचा पदार्थ खरा, पण तिची आवड नव्हे. या दोहोंस आम्ही जन्मभर एकच समजत आलों होतों.

आमच्या मतें आपल्या पाकेतिहासांतील खरी उणीव ती हीच. कृति लिहिल्या गेल्या, मापें ठरलीं, कर्त्रींचीं नांवेंही छापलीं गेलीं. परंतु वाढणारीच्या पानांत काय पडलें, आणि तें तिला हवें होतें काय, याची नोंद कोठेंच नाहीं. रखमाबाई आणि आवली यांच्याविषयीं ती आतां होणें नाहीं. परंतु ज्यांच्या घरीं वाढणारी अजून वाढीत आहे, त्यांना ग्रंथालयांत जाण्याचें कारण नाहीं; पाटावर बसल्या बसल्या एक प्रश्न विचारला म्हणजे पुरे.

वर्षश्राद्धास अम्मांनीं सांगितल्याप्रमाणें आमच्या बहिणीनें रस्सम केलें. मिरें जास्त घातलें. आईच्या नांवाच्या पानांत तें प्रथम वाढलें, आणि मग आम्हीही जेवलों. तें आम्हांस पुष्कळ तिखट लागलें.