व्यावसायिक इंग्रजीतील शब्दसाहचर्य

शब्दसाहचर्य म्हणजे एखाद्या भाषेत ठरावीक शब्दांचे रूढीने एकत्र येणे. मराठीत झोप 'गाढ', धुके 'दाट' आणि चहा 'कडक' असतो. या विशेषणांची अदलाबदल करता येत नाही. इंग्रजीतही हीच स्थिती आहे. व्यापार, बँका व कार्यालये यांच्या व्यवहारात अशा जोड्या आणि वाक्प्रचार वारंवार येत असल्याने व्यावसायिक इंग्रजीच्या अध्यापनात त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

इतिहास

हॅरल्ड पामर यांनी १९३३ मध्ये टोकियो येथून इंग्रजी शब्दसाहचर्यांवरील अहवाल प्रसिद्ध केला. ब्रिटिश भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ यांनी ही संकल्पना भाषाविज्ञानात रुजवली. शब्दाची ओळख त्याच्या सोबत येणाऱ्या शब्दांवरून पटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. फर्थ हे १९१९ ते १९२८ या काळात लाहोर येथील पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढे जॉन सिंक्लेअर यांनी संगणकीय भाषासंग्रहाच्या आधारे हा अभ्यास विस्तारला. त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'कोबिल्ड' शब्दकोश १९८७ मध्ये प्रकाशित झाला.

शब्दसाहचर्य आणि वाक्प्रचार

शब्दसाहचर्यात घटक शब्दांवरून अर्थ बहुधा कळतो; उदा. 'मीट अ डेडलाइन' (मुदत पाळणे), 'लाँच अ प्रॉडक्ट' (नवे उत्पादन बाजारात आणणे). वाक्प्रचारात मात्र शब्दशः अर्थ उपयोगी पडत नाही. 'कट कॉर्नर्स' म्हणजे खर्च वा श्रम वाचवण्यासाठी कामाच्या दर्जात कसूर करणे. काही वाक्प्रचारांचे मूळ जुन्या कार्यालयीन पद्धतींत आहे. हिशेबाच्या वहीत तूट लाल शाईने लिहीत, म्हणून 'इन द रेड' म्हणजे तोट्यात. सरकारी कागदपत्रे बांधण्याच्या फितीवरून 'रेड टेप' हा प्रयोग रूढ झाला. मराठीतील 'लालफितीचा कारभार' त्यावरूनच आला.

मराठी भाषकांच्या अडचणी

मराठीतील 'करणे' या एकाच क्रियापदासाठी इंग्रजीत 'डू' आणि 'मेक' अशी विभागणी होते: 'डू बिझनेस', परंतु 'मेक अ पेमेंट'. मालाची मागणी नोंदवताना 'प्लेस ॲन ऑर्डर' म्हणतात. 'गिव्ह ॲन ऑर्डर' याचा अर्थ सहसा हुकूम सोडणे असा होतो. काही ठिकाणी दोन्ही भाषा जुळतात. 'कर्ज काढणे' आणि 'टेक आउट अ लोन' हे त्याचे उदाहरण.

प्रदेशानुसार अर्थभेद

प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत तो चर्चेस मांडणे, तर अमेरिकी इंग्रजीत तो लांबणीवर टाकणे. दुसऱ्या महायुद्धात उभय देशांच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीत या शब्दावरून दीर्घ वाद झाल्याचे विन्स्टन चर्चिल यांनी नोंदवले आहे. वस्तुतः दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी होती. भारतीय कार्यालयांतील 'प्रीपोन' (नियोजित वेळ अलीकडे आणणे) आणि 'डू द नीडफुल' (योग्य ती कार्यवाही करणे) हे प्रयोगही इतरत्र अपरिचित वाटू शकतात.

अध्ययन

सुटा शब्द पाठ करण्याऐवजी नामासोबत त्याचे क्रियापद व विशेषण टिपून ठेवणे, ही या अध्ययनाची प्रचलित पद्धत आहे. त्यासाठी स्वतंत्र कोशही उपलब्ध आहेत. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दसाहचर्य कोश २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वाक्प्रचार प्रथम वाचून व ऐकून समजून घेणे आणि औपचारिक पत्रव्यवहारात ते बेताने वापरणे इष्ट ठरते.