घरामागे स्विमिंग पूल बांधताय? गोंदियात आधी पावसाळ्याचा विचार करा

पाण्याने भरलेला पूल जागचा हलत नाही. रिकामा पूल मात्र पावसाळ्यात जमिनीतून वर उचलला जाऊ शकतो. गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये पाणी साचतं, विहिरी भरतात आणि भूजल वर येतं. म्हणून इथे हा धोका समजून घ्यायला हवा.

असं का होतं?
8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.25 मीटर खोल पूलमध्ये 40 हजार लिटर पाणी मावतं. त्याचं वजन 40 टन. सफाईसाठी पूल रिकामा केला की हा भार जातो आणि भूजल तळाला खालून वर ढकलतं. काँक्रीटला तडे जातात, कधी अख्खा पूल तिरका होतो.

काय काळजी घ्याल?
• खोदकामाआधी पावसाळ्याच्या शेवटी जवळच्या विहिरीची पाणीपातळी मोजा.
• तळाखाली गिट्टीचा थर द्या, पाणी उपसायला पाइप ठेवा. तळात प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बसवा.
• पूल रिकामा करायचा तो उन्हाळ्यात, विहिरी खोल गेल्यावर.
• लहान मुलांसाठी चारही बाजूंनी कुंपण घाला.

बाजूला शेड हवी?
छताचं पाणी पूलच्या कडेला मुरू देऊ नका, पन्हळ लावून दूर न्या. सावलीचा फायदाही आहे. या पूलमधून रोज 8 मिलिमीटर पाणी उडालं, तर 256 लिटर जातं. सावलीत हे प्रमाण कमी होतं. बांधकाम परवानगीच्या नकाशात पूल आणि शेड दोन्ही दाखवा.