आदल्या रात्री तयार होणारी ओट्सची न्याहारी

सकाळी घराबाहेर पडण्याच्या घाईत न्याहारीला फाटा दिला जातो किंवा बिस्किटे आणि चहावर वेळ मारून नेली जाते. अशा घरांसाठी ओट्स हा सोयीचा पर्याय ठरला आहे. याचे मुख्य कारण म्हणजे ते आदल्या रात्री भिजवून किंवा तीन दिवसांसाठी एकदाच शिजवून ठेवता येतात. मात्र या सोयीबरोबर काही दक्षताही घ्यावी लागते. शिजवलेले धान्य रात्रभर ओट्यावर झाकून ठेवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे आणि ओट्सच्या बाबतीत नेमकी हीच सवय अपायकारक ठरू शकते.

ओट हे थंड व दमट हवामानातील तृणधान्य असून त्याचे शास्त्रीय नाव अवेना सटायव्हा असे आहे. हिंदी भाषक प्रदेशात त्याला जई म्हणतात. दिल्ली, इंदूर, भोपाळ येथील मराठी कुटुंबांना दुकानात हे नाव आढळते आणि तेथे घोटाळाही होतो. जव म्हणजे सातू अर्थात बार्ली, जवस हे तेलबी आणि जई म्हणजे ओट; ही तिन्ही पिके वेगवेगळी आहेत. भारतात ओटची लागवड प्रामुख्याने जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी होते. खाण्याच्या ओट्ससाठी लागणारे धान्य बऱ्याच अंशी आयात केले जाते व त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मोठा आहे. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशात हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घातले जाते, तर स्कॉटलंडमध्ये त्यावर माणसे जगतात, अशा आशयाची नोंद केली होती. स्कॉटलंडमध्ये ओटची घट्ट लापशी एकदाच शिजवून लाकडी कपाटाच्या खणात ओतून ठेवत आणि नंतर तिच्या वड्या कापून आठवडाभर खात असत, असे सांगितले जाते. तेथील हवा गार आहे, ही बाब येथे विसरता येणार नाही.

न शिजवता केवळ भिजवून ओट्स खाण्याची पद्धत मात्र स्वित्झर्लंडची. झुरिच येथील डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेनर (१८६७-१९३९) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या रुग्णांसाठी हा पदार्थ प्रचारात आणला. आज तो म्यूस्ली या नावाने ओळखला जातो. मूळ कृतीत एका व्यक्तीसाठी जेमतेम एक मोठा चमचा ओट्स तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवत. त्यात लिंबाचा रस, एक चमचा डबाबंद आटीव गोड दूध, सालीसकट किसलेले मोठे सफरचंद आणि बदामाची किंवा हेझलनटची पूड घालत. म्हणजे मूळची म्यूस्ली हा खरे तर सफरचंदाचा पदार्थ होता. ओट्स त्यात नावापुरतेच होते. आज त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या गोड, कुरकुरीत मिश्रणांशी त्याचे नाते फारसे उरलेले नाही.

कोणते ओट्स घ्यावेत

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. अखंड दाण्याचे पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकडे केले की स्टील कट ओट्स तयार होतात. ते गव्हाच्या जाड दलियासारखे दिसतात आणि शिजण्यास वीस ते तीस मिनिटे घेतात. दाणे वाफवून रुळांखाली चपटे केले की रोल्ड ओट्स मिळतात. हे पोह्यांचेच भावंड म्हणता येईल. आणखी पातळ दाबलेले, बहुधा आधीच शिजवून वाळवलेले ते इन्स्टंट ओट्स.

तिन्ही प्रकारांत धान्य एकच असले, तरी शरीरातील परिणाम सारखा नसतो. दाणा जितका बारीक किंवा पातळ होतो, तितके त्यातील पिष्ट लवकर पचते आणि रक्तातील साखर वेगाने वाढते. स्टील कट व जाड रोल्ड ओट्सचा ग्लायसेमिक निर्देशांक साधारणपणे पन्नाशीच्या घरात असतो, तर इन्स्टंट प्रकाराचा पंचाहत्तरच्या आसपास किंवा त्याहून अधिक आढळतो. मधुमेह असलेल्यांच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. रात्रभर भिजवण्यासाठी रोल्ड ओट्स सर्वांत योग्य. इन्स्टंट ओट्सचा सकाळपर्यंत लगदा होतो, तर स्टील कट ओट्स नुसत्या भिजवण्याने पुरेसे मऊ होत नाहीत.

न शिजवलेले ओट्स कच्चे असतात का, अशी शंका अनेकांना येते. ओटच्या दाण्यात स्निग्धांश इतर तृणधान्यांपेक्षा अधिक असतो आणि दाणा फुटताच त्यातील विकरे हा स्निग्धांश खवट करू लागतात. ते टाळण्यासाठी कारखान्यातच दाण्यांना वाफ व उष्णता दिली जाते. त्यामुळे बाजारातील ओट्स भिजवून खाण्यास हरकत नसते. मात्र याच उष्णतेने फायटिक आम्लाचे विघटन करणारे विकरही निकामी होते. म्हणून रात्रभर पाण्यात भिजवल्याने ओट्समधील फायटिक आम्ल नाहीसे होते व लोह भरपूर मिळते, असा जो दावा केला जातो त्याला फारसा आधार नाही. भिजवण्याचा खरा लाभ मऊपणा आणि वाचलेला वेळ एवढाच आहे.

पोषण किती

एका व्यक्तीसाठी ४० ग्रॅम, म्हणजे सुमारे अर्धी वाटी रोल्ड ओट्स पुरेसे होतात. त्यातून साधारण १५० किलोकॅलरी ऊर्जा, ५ ग्रॅम प्रथिने आणि ४ ग्रॅम तंतुमय पदार्थ मिळतात. तंतूंपैकी दीड ते दोन ग्रॅम बीटा-ग्लुकन असते आणि ओट्सची कीर्ती प्रामुख्याने यावरच उभी आहे. हा विद्राव्य तंतू आतड्यात चिकट द्राव तयार करतो व पित्ताम्लांना आपल्याबरोबर बाहेर नेतो. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी १९९७ मध्ये ओट्सच्या वेष्टनांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याविषयी मजकूर छापण्यास परवानगी दिली. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन हे प्रमाण आधारभूत धरण्यात आले. अर्धी वाटी ओट्समध्ये त्याच्या सुमारे निम्मा भाग मिळतो, तोही रोज खाल्ले तरच. कोलेस्टेरॉलमध्ये होणारी घट माफक असते. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाला ओट्स हा पर्याय नव्हे.

बीटा-ग्लुकन सातूमध्येही भरपूर असते. ज्वारी, बाजरी व नाचणीत ते फारसे नसते, पण त्यांचे गुण वेगळे आहेत. नाचणीतील कॅल्शियमची बरोबरी ओट्सला करता येत नाही. तेव्हा आंबील किंवा भाकरी सोडून ओट्सकडे वळण्याचे काही कारण नाही. आठवड्यातील दोन-तीन घाईच्या सकाळी ओट्स आणि इतर दिवशी घरची नेहमीची न्याहारी, हेच अधिक शहाणपणाचे.

भिजवण्याची रीत

झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा स्टीलच्या डब्यात अर्धी वाटी रोल्ड ओट्स घ्यावेत. त्यात अर्धी ते पाऊण वाटी तापवून गार केलेले दूध आणि दोन मोठे चमचे दही घालून ढवळावे. दह्याने मिश्रण घट्ट होते व चवही खुलते. दूध चालत नसल्यास नुसते ताजे ताक घेता येईल. त्यात जिरेपूड, किंचित मीठ, किसलेली काकडी व कोथिंबीर घातल्यास दहीपोह्यांच्या जवळ जाणारा पदार्थ तयार होतो. मराठी जिभेला दुधातल्या गोड ओट्सपेक्षा हा प्रकार बहुधा लवकर रुचतो. एक चमचा अळीव किंवा ताजी जवसाची पूड घालता येते. अळीव फार फुगतात, म्हणून त्यासाठी दोन-तीन चमचे द्रव पदार्थ जास्त घ्यावा. डबा लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. पाच-सहा तासांत ओट्स खाण्याजोगे होतात आणि दोन दिवसांपर्यंत चांगले राहतात. तिसऱ्या दिवशी ते खराब झालेले नसले, तरी त्यांचा पोत गेलेला असतो.

फळे शक्यतो सकाळीच घालावीत. केळे रात्रीत काळे पडते. पपई, अननस व किवी यांमध्ये प्रथिनांचे विघटन करणारी विकरे असतात. ती दुधाच्या संपर्कात रात्रभर राहिल्यास मिश्रण कडू होते. सफरचंद मात्र लिंबाचा रस लावून रात्री घालता येते. मनुका किंवा खजूर रात्री घातल्यास त्यांचा गोडवा दुधात उतरतो आणि वरून साखर लागत नाही. मध व गूळ आरोग्यदायी समजून सढळ हाताने घातले जातात, परंतु शरीराच्या दृष्टीने तीही साखरच आहे. एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये.

शिजवून ठेवताना

स्टील कट ओट्सची एक वाटी चार वाट्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवली की तीन-चार जणांची न्याहारी होते. रविवारी रात्री ती करून ठेवल्यास बुधवार सकाळपर्यंत पुरवता येते. रोल्ड ओट्सही असेच शिजवता येतात. त्यांना दुप्पट पाणी आणि पाच मिनिटे पुरतात.

येथे साठवणीचा प्रश्न येतो. माती व धान्यात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू सर्रास आढळतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. शिजवलेला भात, लापशी किंवा ओट्स ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासन्‌तास राहिले की हे बीजाणू रुजतात, जिवाणू वाढतात व विष तयार करतात. उलट्या घडवून आणणारे हे विष उष्णतेला दाद देत नाही. त्यामुळे रात्रभर बाहेर राहिलेले ओट्स सकाळी खळखळून उकळले, तरी ते सुरक्षित होत नाहीत. वास व चव नेहमीसारखीच असू शकते, म्हणून हुंगून पाहण्याचा उपयोग नाही. खाल्ल्यानंतर अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत मळमळ व उलट्या सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात आराम पडतो, परंतु लहान मुले व वृद्धांच्या बाबतीत शरीरातील पाणी कमी होण्याची भीती असते.

उपाय साधा आहे. शिजवलेले ओट्स मोठ्या पातेल्यात तसेच न ठेवता पसरट, उथळ डब्यांत काढावेत. घट्ट लापशी मधोमध फार काळ गरम राहते. पातेले परातीतील गार पाण्यात ठेवून ढवळल्यास ती लवकर निवते. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाच्या आत, डबे फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. फ्रीजचे तापमान ५ अंशांच्या खाली असावे. परदेशी पाककृतींत स्टील कट ओट्स एक मिनिट उकळून, गॅस बंद करून रात्रभर तसेच ठेवण्याची युक्ती सांगितलेली आढळते. नागपूरच्या किंवा चेन्नईच्या मे महिन्यात ती अमलात आणू नये. खाताना लागेल तेवढाच भाग काढून थोडे दूध किंवा पाणी घालून वाफ येईपर्यंत गरम करावा. संपूर्ण डबा पुन्हा पुन्हा गरम करून गार करू नये. वीज बराच वेळ खंडित झाली असेल, तर उरलेले टाकून देणेच बरे.

जास्त दिवसांची सोय हवी असल्यास शिजवलेले ओट्स लहान वाट्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात गोठवता येतात. गोठलेल्या वड्या पिशवीत भरून ठेवल्यास दोन महिने टिकतात.

फ्रीज नसेल तर

वसतिगृहात राहणारे विद्यार्थी, फिरतीवर असणारे कर्मचारी किंवा ज्यांच्याकडे फ्रीज नाही अशांसाठी कोरडे मिश्रण हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. घरोघरी पूर्वी भाजणी किंवा सातूचे पीठ करून ठेवत, त्याच जातीची ही सोय आहे. अर्धा किलो रोल्ड ओट्स मंद आचेवर आठ-दहा मिनिटे भाजून घ्यावेत. तीन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, सुकी मिरची, कढीपत्ता व शेंगदाण्यांची फोडणी करावी. कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत झाला पाहिजे. त्यात ओल राहिल्यास मिश्रणाला बुरशी येते. हळद, मीठ व भाजलेले ओट्स घालून परतावे आणि पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. हे मिश्रण पंधरा दिवस सहज टिकते. सकाळी एक वाटी मिश्रणाला दोन वाट्या उकळते पाणी घालून चार मिनिटे शिजवले की उपम्यासारखा पदार्थ तयार होतो. तयार मसाला ओट्सच्या पाकिटांपेक्षा यात मिठावर आपला ताबा राहतो. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, त्यामुळे तयार पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचूनच खरेदी करावी.

कोणी जपावे

ओट्समध्ये गव्हातील ग्लुटेन नसते, परंतु शेतात, वाहतुकीत व गिरणीत त्यात गहू किंवा सातू मिसळलेला असतो. सिलिअॅक रोग असलेल्यांनी ग्लुटेनमुक्त असा स्पष्ट उल्लेख असलेलेच ओट्स घ्यावेत. भारतात यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन ही मर्यादा आहे. त्यांच्यापैकी थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. थायरॉईडसाठी लेव्होथायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्यांनी ती उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि दुधातील ओट्स त्यानंतर किमान अर्ध्या तासाने, शक्य असल्यास तासाभराने खावेत; तंतू व कॅल्शियम यांमुळे औषधाचे शोषण कमी होते. तंतुमय आहाराची सवय नसलेल्यांना पहिल्या आठवड्यात पोट फुगल्यासारखे वाटू शकते. त्यांनी पाव वाटीपासून आरंभ करावा व दिवसभरात पाणी अधिक प्यावे.